‘आमचे येथे मिळेल’ : ब्रिटिश अमदानीतल्या नाशिकची दुकानदारी

(दृश्य : भल्या सकाळचा भांडी बाजार. अर्धवट उघडलेली दुकानं. लांबून हातोडीचे ठोके.)

ऐका जरा. ठक्, ठक्, ठक्... मग क्षणभर शांतता, कारण भांडं हातात फिरवलं जातंय. आणि परत ठक्, ठक्.

याला मठारणं म्हणतात. तांब्याच्या भांड्याला बाहेरून ठोके देत देत पत्रा घट्ट करायचा. ठोक्याच्या खुणा अंगभर टिकल्यांसारख्या चमकत राहतात. आंधळ्यालाही बोट फिरवून कळावं की हे हाताने घडवलंय. तांबट आळीत हा आवाज एके काळी दिवस मावळेपर्यंत चालायचा. दुकानावर पाटी असो नसो, कानावर पाटी पडायचीच.

(दृश्य : जुन्या नाशकातले बोळ. सराफ बाजार, कापड बाजार, दहीपूल, बोहोरपट्टी.)

गावातल्या माणसाला जाहिरात लागत नसे. त्याचा सोनार ठरलेला, वाणी ठरलेला, शिंपी ठरलेला, आणि बहुतेकदा तो आजोबांनी ठरवलेला. उधारी चोपडीत, तीही मोडी लिपीत, भराभर ओढलेल्या अक्षरात. सणाला लागेल तेवढं न्या, सुगीला बघू. अशा दुकानदाराला सोडून पलीकडच्या दुकानात जायचं म्हणजे जवळजवळ सोयरीक मोडण्यासारखं. शिवाय पत्त्यातच सगळं येत असे. सराफ बाजार म्हटलं की सोनं, भांडी बाजार म्हटलं की तांबं-पितळ. सरस्वती नाल्यावरच्या एका पुलाला तर दह्याचंच नाव पडलं. आज तिथे दही शोधायला जाल तर फसाल.

पण नाशकाला दुसरं एक गिऱ्हाईक होतं, आणि या गावची सगळी गंमत त्या गिऱ्हाइकात आहे.

(दृश्य : रामकुंड. ओले कपडे, पितळी तांबे, पायऱ्यांवर बसलेले उपाध्ये.)

हे गिऱ्हाईक म्हणजे यात्रेकरू. कुणी वडिलांच्या अस्थी घेऊन आलेला, कुणी सिंहस्थाला आलेला. म्हणजे पुढची भेट झालीच तर बारा वर्षांनी. त्याला तुमचे आजोबा माहीत नाहीत, तुमची चोपडी माहीत नाही. उधार द्यायचा प्रश्नच नाही आणि भावाची त्याला खात्री नाही. अशा माणसाला दोन घटकांत आपलंसं करायचं तर बोलावंच लागतं. नाशकातली जाहिरात इथून सुरू होते, गंगेच्या काठावरून. (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. ‘गंगेवर जाऊन येतो’ असं घरात कुणी म्हणालं तर काशीचं तिकीट काढायला धावू नका.)

आणि या कलेतले पहिले उस्ताद दुकानदार नव्हते, तीर्थोपाध्ये होते. आल्या माणसाला ते काहीच विकायला दाखवत नसत. फक्त विचारत, ‘गाव कुठलं? आडनाव काय?’ मग नामावळीची लांब वही निघे, पानं उलटली जात, आणि एका पानावर बोट थांबे. तिथे पाहुण्याच्या पणजोबाची सही! ‘अमुक साली आलो, आमचे तीर्थोपाध्ये हेच.’ पुढे काय बोलणार? गिऱ्हाइकाच्याच पूर्वजाच्या हस्ताक्षरातली शिफारस. याच्यावर मात करणारी जाहिरात मी तरी अजून पाहिलेली नाही, आणि माझं पोट जाहिराती लिहिण्यावरच चालतं.

(दृश्य : नाशिकरोड स्टेशन. गाडी येतेय. मग रस्ता, टांग्याची चाकं.)

१८६५ साली थळ घाटातला, म्हणजे आपल्या कसारा घाटातला, लोहमार्ग पुरा झाला आणि मुंबईची गाडी घाट चढून सरळ इकडे येऊ लागली. पायी आणि बैलगाडीने येणारी यात्रा आता डब्यातून उतरू लागली. पण गाडी गावात येत नव्हती. स्टेशन गावापासून पाच मैलांहून लांब. १९ व्या शतकाच्या अखेरीला तेवढ्या अंतरावर घोड्यांची ट्रामही सुरू झाली. मेन रोडवरच्या नगरपालिकेच्या इमारतीपासून ती स्टेशनापर्यंत जायची. १९३० नंतर ती बंद पडली. आता रुळाचा तुकडाही दिसत नाही.

हे पाच मैल व्यापाराच्या दृष्टीने सोन्याचे होते. यात्रेकरू गाडीतून उतरला की गाव दिसेपर्यंत त्याच्या कानाशी फक्त माणसं होती. उपाध्यांचा माणूस, धर्मशाळेचा माणूस, टांगेवाला. उतरायचं कुठे, जेवायचं कुठे, भांडी कुठली घ्यायची, हे बरंचसं टांग्यातच ठरून जाई. छापील अक्षराची पाळी त्यानंतरची.

छापील अक्षर वाचणार तरी कोण होतं म्हणा! १९०१ च्या खानेसुमारीत मुंबई इलाख्यात शंभरात दहा माणसांनाही लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून तर मँचेस्टरचं कापड इथे आलं ते ठाणावर रंगीत चित्राचं टिकट चिकटवून. कुठे हत्ती, कुठे लक्ष्मी, कुठे कृष्ण. बायका दुकानात जाऊन गिरणीचं नाव सांगत नसत, ‘मागच्या खेपेचं हत्तीवालं दाखवा’ म्हणत. ‘छाप’ हा आपला शब्द अशाच व्यवहारात रुळला. घोडा छाप, वाघ छाप. ज्याला अक्षर येत नाही त्याच्याही तोंडी बसावा म्हणून.

(दृश्य : खेड्यातला पार. हलगीचा आवाज.)

खेड्यांकडे वळलं की दवंडी. ‘ऐका हो ऐकाऽऽ’ अशी आरोळी, मागे हलगी. बाजार कधी भरणार, कुठला खेळ लागणार, सरकारचा काय हुकूम आला, सगळं याच तोंडाने. दवंडी देण्याचं काम गावोगाव बहुतेक महार-मांगांच्या वाट्याला होतं. ज्या मालाची ओरड हा माणूस सबंध गावभर करायचा, तो माल ज्या दुकानात ठेवलेला त्याची पायरी त्याला चढता येत नसे. पैसे लांबून टाकायचे, पुडी लांबून झेलायची. ‘सर्व लोकांस कळविण्यात येते की’ या वाक्यातल्या ‘सर्व’ शब्दाचा अर्थ तेव्हा एवढाच होता. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो याच गावात, या बाजारापासून नदी ओलांडली की चालत दहा-पंधरा मिनिटांवर.

(दृश्य : पिवळसर कागद. खिळ्यांच्या टाइपातली अक्षरं, एक एक ओळ जवळून.)

आता कागद हातात घेऊ. ही हँडबिलाची नक्कल आम्ही त्या काळच्या धाटणीने जुळवली आहे, कुठल्या एका दुकानाची नाही. पण यातला एकही शब्द आमच्या पदरचा नाही. जुन्या अंकांत आणि पंचांगांच्या मागच्या पानांत हे सगळे शब्द सापडतात.

‘॥ श्री ॥ आमचे येथे तांब्यापितळेची सर्व प्रकारची भांडी, पूजेची उपकरणी, घंगाळे, बंब, समया वगैरे माल नेहमी तयार मिळेल. जुन्या भांड्यांची मोड योग्य भावाने घेऊ. भांड्यांवर नावे घालून मिळतील. परगावचे मागणीप्रमाणे माल व्ही. पी. ने पाठवू. टपालखर्च निराळा. एक वेळ अनुभव पाहावा.’

बघा, कुठे आर्जव नाही, कुठे ‘त्वरा करा’ नाही. ‘आमचे येथे’ म्हणजे माल आहे, हवा तर या. ‘वगैरे’ या एका शब्दात उरलेलं अख्खं दुकान कोंबलंय. आणि शेवटची ओळ तर मला फारच आवडते. एक वेळ अनुभव पाहावा. दुसऱ्या वेळेबद्दल दुकानदार बोलतच नाही. ती त्याने गृहीत धरलेली आहे.

तळाशी बारीक टाइपात छापखान्याचं नाव-गाव. ती हौस नव्हती, कायदा होता. १८६७ च्या कायद्याने छापलेल्या कागदावर मुद्रकाचं नाव आणि ठिकाण घालणं सक्तीचं झालं. सरकारला राजद्रोही मजकूर छापणारा हुडकायचा होता. पण त्यामुळे भांड्यांच्या हँडबिलाखालीही छापखान्याची फुकट जाहिरात झाली. गावाचं नाव त्या काळी छापलं जाई ते बहुधा ‘नासिक’ असं. ‘नासिक वृत्त’ नावाचं साप्ताहिकही इथलंच.

आता ते ‘व्ही. पी. ने पाठवू’. या तीन शब्दांनी दुकानदारीची शीव ओलांडली. व्ही. पी. म्हणजे व्हॅल्यू पेएबल. ही सोय हिंदुस्थानच्या टपालखात्याने १८७७ मध्ये काढली. माल पोस्टमन आणणार, पैसे पोस्टमन घेणार. दोनच वर्षांनी, १८७९ मध्ये, पोस्टकार्ड आलं, पाव आण्याला म्हणजे एका पैशाला. आता यवतमाळच्या माणसाने एका पैशात नाशकाला मागणी करायची आणि माल दारात आल्यावर दाम मोजायचे. चोपडी नाही, ओळख नाही, आजोबा नाहीत. विश्वासाचा मक्ता पोस्टाने घेतला. बंबासारखं धूड काही टपालाने जात नसे, त्याला रेल्वे पार्सल. व्ही. पी. चा खरा फायदा उचलला तो औषधवाल्यांनी. वर्तमानपत्रांचे रकाने त्यांच्या गोळ्या, काढे आणि तेलांनी भरून वाहू लागले. त्यांचे दावे मी इथे वाचून दाखवत नाही, घरात लहान मुलं असतील.

(दृश्य : देवळाली कॅम्प. लॅम रोड.)

देवळालीची तऱ्हा वेगळी. तिथलं गिऱ्हाईक म्हणजे गोऱ्या पलटणींची छावणी. विलायतेला परतायची बोट मिळेपर्यंत शिपाई तिथे अडकून पडायचे, कंटाळायचे. डोकं फिरण्याला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणतात, तो शब्द आपल्या देवळालीवरूनच गेलेला. मराठी शब्द विलायतेला निर्यात झाला तोही असा!

(दृश्य : पेटती होळी, कापडाचा ढीग. मग तांब्याचा पत्रा.)

१९०५ ला वंगभंग झाला आणि जाहिरातीची भाषा पालटली. ‘अस्सल विलायती’ हे ज्याचं भूषण होतं, तेच आता लपवायची पाळी आली. ‘शुद्ध स्वदेशी’ ही नवी मोहोर. नाशकात तर वातावरण तापलेलंच होतं. सावरकरांची मित्रमेळा ही क्रांतिकारकांची संघटना इथली, १९०४ मध्ये तिची अभिनव भारत झाली. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. त्या प्रयोगाचीही हँडबिलं गावात वाटली गेली असतील. वाटणाऱ्याला काय कल्पना!

स्वदेशीतली एक गोम मात्र सांगायला हवी. नाशिकचं तांब्याचं भांडं स्वदेशी की विलायती? घडवणारा तांबट इथला, हातोडी इथली, घाटही इथला. पण तांब्याचा पत्रा मुंबई बंदरावर उतरायचा तो बराचसा विलायतेतून. कापड जाळता येतं, भांडं कोण जाळणार? बाजाराने शहाणपणाने तो विषय काढलाच नाही.

(दृश्य : फिल्मची रिळं. प्रोजेक्टरचा आवाज.)

आणि आता या मातीतला सगळ्यात मोठा जाहिरातदार. त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. छायाचित्रण केलं, छापखाना चालवला, जादूचे प्रयोगही केले, तेही आडनाव उलटं करून, ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने. ३ मे १९१३ ला मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ लागला आणि त्याच वर्षी फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड आणि कारखाना नाशकात हलवला.

त्यांची सुरतेची हकिकत प्रसिद्ध आहे. चित्रपट लावला, पण प्रेक्षक फिरकेना. तिथल्या लोकांना तासन् तास चालणाऱ्या नाटकांची सवय. तेवढ्याच पैशात हे तासाभरातच संपणारं काय बघायचं? तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा प्रयोग! दोन मैल लांबीचं चित्र! फक्त तीन आण्यांत! आणि गर्दी लोटली.

लोक याला हजरजबाबीपणा म्हणतात. मला त्यात बाजार दिसतो. भांडं शेरावर विकलं जातं, कापड गजावर. गिऱ्हाइकाला मोजता येईल अशी वस्तू हातात द्या, मग तो दामाला नाही म्हणत नाही. सिनेमा कशावर मोजायचा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फाळक्यांनी तो मैलावर मोजून दिला. मेन रोडवरच्या कुठल्याही कापडवाल्याने गज आपटून हेच केलं असतं.

(दृश्य : घरातलं स्वयंपाकघर. फळीवरून पितळेची घागर खाली उतरते.)

ही आमच्या घरची घागर. आजीच्या लग्नातली. वापरात नाही, चिंच लावून दिवाळीला घासतो तेवढीच. गळ्याखाली छिन्नीने ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय : ‘सौ.’ पुढे आजीचं सासरचं कोरं करकरीत नाव, मग तिच्या मामांचं नाव, ‘यांजकडून भेट’, आणि शके. ‘यांजकडून’मधला ‘ज’ थोडा तिरका गेलाय, घालणाऱ्याला पुढचा ठिपका घाईने मारावा लागला असावा. बुडाशी कारागिराचा बारीक शिक्का होता, तो घासून घासून पुसट झाला. भांडं विकणाऱ्याचं नाव गेलं. घेणाऱ्याचं आणि देणाऱ्याचं राहिलं.

(दृश्य : पुन्हा भांडी बाजार. दुकानाच्या पायरीशी बसलेला नाव घालणारा. आता त्याच्या हातात विजेचं यंत्र आहे.)

परवा भाचीच्या लग्नासाठी तांब्याचा हंडा घेतला. दुकानदाराने वजन केलं, मोड आहे का विचारलं, नाही म्हटल्यावर कागदात गुंडाळू लागला. मग थांबला. पायरीवरच्या पोराकडे हंडा सरकवला. पोराने यंत्राची वायर बोर्डात खोचली, हंडा मांडीत घट्ट धरला आणि वर बघून विचारलं :

‘बोला साहेब, काय नाव घालू?’