अ‍ॅशडाउनचा माळ

इंग्लंडमधील ईस्ट ससेक्स परगण्यात, लंडनच्या दक्षिणेस सुमारे 50 किलोमीटरवर, अ‍ॅशडाउन फॉरेस्ट हे सुमारे 25 चौरस किलोमीटरचे संरक्षित क्षेत्र आहे. त्याचा निम्म्याहून अधिक भाग म्हणजे निकस, आम्लधर्मी, रेताड जमिनीवर वाढणाऱ्या हेदर आणि गॉर्सच्या झुडपांचा उघडा माळ आहे. ऑगस्टमध्ये हेदर फुलला की उतारच्या उतार जांभळे होतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की येथे माणसाचा हात कधी लागलाच नसावा. प्रत्यक्षात हा माळ उघडा राहिला तो माणसांनी तो शतकानुशतके वापरला म्हणूनच.

मध्ययुगात हे राजाचे शिकारीचे रान होते. भोवती खंदक व लाकडी कुंपण होते. चेलवुड गेट, कोलमन्स हॅच अशा गावांच्या नावांत त्या कुंपणाची दारे अजून शिल्लक आहेत. 1693 मध्ये निम्म्याहून जास्त जमीन खासगी मालकीत गेली आणि उरलेली, आपल्याकडच्या गायरानासारखी, सामाईक वापरासाठी राखली गेली. आसपासच्या हक्कदार शेतकऱ्यांना तेथे गुरे चारता येत, सरपण नेता येई आणि गोठ्यात अंथरायला नेचा व हेदर कापता येई.

या अंथरुणाच्या कापणीवरूनच एकोणिसाव्या शतकात मोठा खटला उभा राहिला. जमीनदार अर्ल डी ला वॉर यांचे म्हणणे असे, की हक्क चराईचा आहे, विळा चालवण्याचा नाही. हक्कदारांच्या बाजूने विल्यम रेपर या वकिलाने गावोगावच्या म्हाताऱ्या माणसांना गाठून त्यांच्या जबान्या लिहून घेतल्या: कोणी कोठे कापले, गाड्या कोणत्या वाटेने नेल्या, अडवले कोणी. खालच्या न्यायालयात हरलेली हक्कदारांची बाजू 1881 मध्ये अपिलात, दीर्घ वहिवाटीच्या आधारावर, जिंकली. पुढे 1885 च्या कायद्याने माळाची व्यवस्था पाहणारे संरक्षक मंडळ स्थापन झाले, आणि 1988 मध्ये माळाची मालकी ईस्ट ससेक्स कौंटी कौन्सिलकडे आली.

हक्क टिकले, पण ते बजावणारे हात कमी झाले. विसाव्या शतकात येथील पशुपालन आटले, चराई व कापणी थांबली, आणि बर्च व पाइनची रोपे हेदरमधून डोके वर काढू लागली. नेचा माजला की त्याच्या सावलीत आणि कुजक्या थरात हेदर गुदमरतो. म्हणून आता मंडळच झाडोरा तोडते, नेचा कापते, आणि एका उपक्रमात तर हेब्रिडियन जातीच्या काळ्या मेंढ्या मेंढपाळ सोबत देऊन चरायला सोडल्या गेल्या. शेतकरी स्वतःच्या गरजेपोटी जे काम फुकट करत होता, त्यासाठी आज निधी उभारावा लागतो.

लोकांची ये-जा मात्र वाढतच गेली. 1974 च्या कायद्याने मंडळावर दोन जबाबदाऱ्या एकत्र टाकल्या: माळ लोकांना विरंगुळ्यासाठी खुला ठेवणे आणि त्याची शांतता व नैसर्गिक रूप जपणे. कागदावर या शेजारी-शेजारी बसतात. माळावर त्यांचे पटतेच असे नाही. पायी कोठेही फिरता येते, घोडेस्वारीला परवाना लागतो, आणि खरी पंचाईत कुत्र्यांची होते. उन्हाळ्यात आफ्रिकेतून येणारा रातवा हा पक्षी घरटे न बांधता उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. पालापाचोळ्यात बेमालूम मिसळणारी मादी सहसा जागची हलत नाही. पण मोकळे कुत्रे अगदी जवळ आले की तिला उडावेच लागते आणि अंडी उघडी पडतात. मेंढ्यांवर कुत्र्यांनी हल्ले केल्याच्या घटनाही वारंवार घडल्या आहेत.

रातवा आणि डार्टफर्ड वॉर्बलर या पक्ष्यांसाठी हा माळ 1996 पासून विशेष संरक्षित क्षेत्र आहे. त्यामुळे माळापासून 7 किलोमीटरच्या पट्ट्यात नवी घरे बांधायची तर रहिवाशांना फिरायला आणि कुत्र्यांना पळायला दुसरी हिरवी जागा उपलब्ध करून द्यावी लागते, किंवा तिच्या खर्चाचा वाटा उचलावा लागतो.