तीन इंचांचं लक्ष्य

प्रेअरी डॉगच्या शिकारीला कोणती रायफल घ्यावी? रायफलीकडे नंतर वळू, आधी लक्ष्य बघू. अमेरिकेतल्या साउथ डकोटाच्या माळावरचा प्रेअरी डॉग म्हणजे नावाचा कुत्रा; खरा तो खारीच्या कुळातला. बिळाच्या तोंडाशी दोन पायांवर उभा राहतो तेव्हा छातीची रुंदी जेमतेम तीन इंच. शंभर यार्डांवर एक इंचाचा ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या गोळ्यांच्या भोकांचा पसारा, पाडणारी रायफल तीनशेवर तीन इंचांचा पाडते. म्हणजे तुमचा हात दगडासारखा स्थिर असला तरी रायफलीनं सगळी सूट आधीच खाल्लेली. म्हणून इथे अर्ध्या इंचाच्या गोष्टी करतात. हरणाच्या शिकारीत तेवढं कुणी विचारत नाही.

दुकानात मात्र पहिला प्रश्न वेगाचा. .२२० स्विफ्ट हे काडतूस १९३५ साली आलं, सेकंदाला चार हजार फुटांचा गाजावाजा करत, आणि नळ्या जाळण्याची बदनामीही तेव्हापासून त्याला चिकटली. १९५० चं .२२२ रेमिंग्टन त्यामानानं मवाळ, पण बेंचरेस्टवाल्यांनी, म्हणजे मेजावर रायफल टेकवून नेम धरणाऱ्यांनी, वर्षानुवर्षं त्यावरच स्पर्धा जिंकल्या. वेग बिनकामाचा नाही. हलकी, वेगवान गोळी मातीला लागताच फुटते. साध्या .२२ लाँग रायफल काडतुसाची गोळी दगडावरून उसळून कुठल्या कुठे जाते, आणि पलीकडे कुणाची तरी गुरं चरत असतात.

माझी फजिती सांगतो. मी .२२-२५० काडतुसाची रायफल घेतली आणि ‘जड गोळीला वारा कमी लागतो’ असं ऐकून ७७ ग्रेनच्या (सुमारे पाच ग्रॅमच्या) गोळ्या भरून आणल्या. शंभर यार्डांवरचा कागद जवळ जाऊन पाहिला, तर भोकं गोल नव्हती! लांबट, किल्लीच्या भोकासारखी. गोळी आडवी होऊन कागदातून गेलेली. माझ्या नळीतले आटे, म्हणजे गोळीला गिरकी देणाऱ्या आतल्या खाचा, १४ इंचांत एक फेरा घेणारे. एवढ्या जड, म्हणून लांबही, गोळीला तेवढी गिरकी पुरत नाही. ५५ ग्रेनची गोळी घातली आणि त्याच रायफलीनं पाच भोकं एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली. तेव्हा नळीवरचं कॅलिबर वाचलंत की आट्यांचा आकडाही विचारा. .२२३ काडतुसाच्या रायफलींत तर १२, ९, ८, ७ इंचांत एक फेरा घेणारे सगळे मिळतात. हलक्या गोळ्या मारायच्या तर १२ किंवा ९ पुरे. ७ च्या आट्यांत पातळ कवचाची गोळी कधी कधी हवेतच फाटते.

नळी जाड घ्या. प्रेअरी डॉगांच्या वसाहतीसमोर बसल्यावर तासाभरात पन्नास काडतुसं सहज जातात. बारीक नळी तापली की ग्रुप पसरतो. वजनाची तक्रार नको, ती खांद्यावर घेऊन हिंडायचं नाहीये. चापाला दोन पौंडांच्या आसपास ओढ, बस.

.१७ एचएमआर? २००२ पासूनचं गोड काडतूस. स्वस्त, धक्का जवळजवळ नाही. पण गोळी १७ ग्रेनची, सव्वा ग्रॅमही नाही. ताशी दहा मैलांचा आडवा वारा दोनशे यार्डांवर तिला फूटभर ढकलतो. त्या माळावर वारा थांबतो कधी?

आणि रायफल उचलण्याआधी बिळात कोण राहतं ते विचारा. काळ्या पायांचा फेरेट याच प्रेअरी डॉगवर जगतो. तो नामशेष झाला असं धरून चालले होते; १९८१ साली वायोमिंगमधल्या मीटीत्सीजवळ एका पाळीव कुत्र्यानं मेलेला फेरेट घरी आणला, तेव्हा तो अजून उरलाय हे कळलं. युटातल्या प्रेअरी डॉगला तर संघराज्याच्या कायद्याचं संरक्षण आहे.

आता ती नळी इकडे द्या, आटे कसे मोजायचे ते दाखवतो. सळईला घट्ट चिंधी लावायची, आणि खूण केल्याशिवाय ढकलायची नाही.