चमचाभर पराग

ही कामकरी मधमाशी आत्ताच फुलावरून उठलीय. तिच्या मागच्या पायांकडे बघा. दोन्हीकडे एकेक पिवळीधमक गोळी. अंगभर माखलेला पराग तिने पायांनी विंचरून काढला, तोंडातल्या मधाने ओलसर केला आणि पायावरच्या खोलगट जागेत दाबून बसवला. एका खेपेत ती बहुतेक एकाच जातीच्या फुलांवर फिरते, म्हणून गोळी एकरंगी असते. बरणीत दिसणारे पिवळे, नारिंगी, तपकिरी रंग वेगवेगळ्या फुलांचे.

आपण बी पोलन म्हणून खातो, ते हेच.

आता मधपेटीचं दार. इथे बारीक भोकांची जाळी लावलीय. माशी अंग चोरून आत शिरते आणि गोळ्या निसटून खालच्या खणात पडतात. दोन गोळ्यांचं वजन मिळून साधारण १५ मिलिग्रॅम. म्हणजे ५ ग्रॅमचा एक चमचा भरायला तीनशेहून जास्त खेपा!

आणि हा घास मुळात अळ्यांसाठी आहे. मधातून माशांना ऊर्जा मिळते, प्रथिनं मात्र परागातूनच. पराग खाऊन तरुण माशा अळ्यांना भरवायचं अन्न अंगात तयार करतात. म्हणूनच जाणता मधपाळ जाळी कायमची ठेवत नाही. काही दिवस लावतो, मग काढतो. विकत घेताना हे जरूर विचारा. मला तर हा प्रश्न किमतीच्याही आधीचा वाटतो.

आपल्या आहारात त्याची भर किती? परागात सरासरी पाचवा हिस्सा प्रथिनं, म्हणजे चमचाभरात जेमतेम १ ग्रॅम. एका अंड्यात सहा असतात. शिवाय परागकणाचं कवच भलतंच चिवट. तळ्याच्या गाळात ते हजारो वर्षं टिकतं. आपल्या पोटाला ते पुरतं फुटत नाही. जीवनसत्त्वं, खनिजं आहेत, चवही छान आहे. पण आजार बरे करण्याच्या दाव्यांना भक्कम पुरावा नाही. आवडीने खा, औषध म्हणून नको.

ज्यांना परागाची ॲलर्जी आहे, त्यांनी तर हात लावू नये. दमा असेल, गरोदरपण असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. बाकीच्यांनीही पहिल्या दिवशी एकच दाणा जिभेवर ठेवावा. ओठ सुजले, घसा खाजला, श्वास लागला, तर घरी वाट बघत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.