मियामी तांदूळ

कॅरिबियनमधल्या हैती या देशाची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स. बाजारात पोत्यांची तोंडं उघडून बसलेल्या बाया डब्याने मापून तांदूळ विकतायत. कुठला तांदूळ, असं विचारलं की उत्तर येतं, "दिरी मियामी". दिरी म्हणजे तांदूळ. मियामी शहरात काही भात पिकत नाही. तिथल्या बंदरातून पोती यायची, म्हणून हे नाव. पिकतो तो अमेरिकेच्या आर्कान्सा, लुइझियाना या राज्यांकडे.

हैतीचा स्वतःचा भात आर्तिबोनित नदीच्या खोऱ्यातला. पाटाचं पाणी, पिंडरीपर्यंत चिखल, हाताने लावणी. 1980च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत देशाची तांदळाची गरज जवळपास इथूनच भागायची. तेव्हा भात रोज नसायचाही म्हणा. रोजचं खाणं मका, ज्वारी, रताळी, कसावा.

1995मध्ये तांदळावरचं आयात शुल्क 35 टक्क्यांवरून थेट 3 टक्क्यांवर आलं. कर्ज हवं तर दारं उघडा, असा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा आग्रह होता. समोर अमेरिकेतला शेतकरी: लेझरने सपाट केलेली शेतं, विमानातून पेरणी, वर सरकारी अनुदान. इकडे हातात विळा. याला स्पर्धा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

शहरातल्या गरिबाचं पोट काही वर्षं स्वस्तात भरलं, हे खरंच. पण त्याच स्वस्ताईने ज्वारी-मक्यालाही ताटातून उठवलं. खोऱ्यातली पोरं राजधानीच्या डोंगरउतारावर झोपड्या बांधून राहिली. पाटांत गाळ साचत गेला. तो उपसायला माणसं कुठून आणायची?

2008मध्ये जगभर तांदूळ भडकला. तोवर हैतीत खाल्ल्या जाणाऱ्या तांदळापैकी सुमारे 80 टक्के बाहेरून येत होता. पोटातल्या आगीला लोकांनी नाव दिलं, ब्लीचची भूक. ब्लीच प्यायल्यासारखी आतडी जाळणारी. दंगली झाल्या, एप्रिलमध्ये पंतप्रधानांना खुर्ची सोडावी लागली.

12 जानेवारी 2010. भूकंप. पुन्हा पोती आली, या वेळी फुकट.

मार्चमध्ये बिल क्लिंटन अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे बसले. 1995मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष तेच होते आणि मूळचे आर्कान्साचेच. हैतीच्या त्या शुल्ककपातीत आपल्या राज्यातल्या काही शेतकऱ्यांचं भलं झालं असेल, पण ती चूक होती, अशी कबुली त्यांनी दिली.

त्याच महिन्यात हैतीचे अध्यक्ष रने प्रेवाल वॉशिंग्टनला निघाले. हा माणूस शेतीशास्त्र शिकलेला. लाखो लोक अजून ताडपत्रीखाली होते, आणि प्रेवाल म्हणत होते, अन्नाची मदत आता थांबवा. फुकटच्या तांदळाशेजारी आर्तिबोनितचा तांदूळ विकत कोण घेणार?