सावलीतला उतार: फँटसीत यिन एवढं बदनाम का?

यिन म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? काळा धूर, बर्फासारखे हात, पांढरी फटक पडलेली बाई. कुठलीही कल्टिव्हेशनवाली वेब नॉव्हेल उघडा, म्हणजे साधना करून ताकद वाढवत नेणाऱ्या हिरोची ऑनलाइन कादंबरी, यिन एनर्जीवाला माणूस एकतर व्हिलन नाहीतर आजारी. आणि गंमत अशी की हा शब्द मुळात डोंगराचा आहे.

चिनी भाषेत यिन म्हणजे डोंगराची सावलीकडची बाजू, यांग म्हणजे उन्हाची. बस, एवढंच. चीनचा बहुतेक भाग कर्कवृत्ताच्या वर आहे, म्हणजे दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला, म्हणून डोंगराचा उत्तरेकडचा उतार यिन. नदीचं उलटं, तिचा उत्तर काठ यांग. नकाशात हे अजून सापडतं बघा, लुओ नदीच्या उत्तर काठावरचं म्हणून लुओयांग आणि हुआ पर्वताच्या उत्तरेला आहे ते हुआयिन.

आपल्याकडे मात्र हे सरळ चालणार नाही हां. मे महिन्यात शून्य सावली दिवस असतो ना, पुण्या-मुंबईत सगळे बाटली उभी करून फोटो टाकतात, तर त्यानंतर जुलैपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे तेवढे दिवस सह्याद्रीची यिन बाजू चक्क दक्षिणेला सरकते. (त्यातले निम्मे दिवस पावसात जातात, ऊनच नसतं, ते सोडा.) पण बघा, डोंगर तोच, माती तीच, सूर्य हलला तर नाव बदललं. यिन हे डोंगराच्या पोटात भरलेलं काहीतरी नाहीच. कशाच्या तुलनेत, कुठल्या वेळी, हे विचारल्याशिवाय ते ठरतच नाही. गेम बनवणारे नेमके इथेच घसरतात, आग-पाणी-वीज यांच्या लाइनीत 'यिन' नावाचा एक जांभळा आयकन टाकून मोकळे.

आता ताओ ते चिंग, म्हणजे ताओवादाचा मूळ ग्रंथ. यात यिन हा शब्द अख्ख्या ग्रंथात एकदाच येतो, 42 व्या प्रकरणात, की सगळ्या गोष्टी पाठीवर यिन वाहतात आणि यांगला कवेत घेतात. शब्द एकदाच, पण यिनचा स्वभाव पानोपानी आहे, पाणी, दरी, मऊपणा. मला सगळ्यात आवडतं ते 11 वं प्रकरण, तीस आरे एका तुंब्यात येतात पण चाक कामाला येतं ते तुंब्याच्या मधल्या पोकळीमुळे, तिथूनच आस जातो. पॉवर सिस्टिम, म्हणजे कथेतल्या शक्तींचे नियम, लिहिणाऱ्याने खरं तर हे वाचून उडी मारायला हवी! समोरच्याचा जोर झेलणारी, साठवणारी, जागा करून देणारी ताकद. ती सोडून आपण काळा धूर घेऊन बसलोय.

आणि आत्ता कोणीतरी म्हणणार, दादा हे तर आपलं शिव-शक्ती. थांबा जरा. स्त्री-पुरुष जोडी दोन्हीकडे आहे, मान्य, पण शाक्त मतात हलणारी, घडवणारी ती शक्ती आणि शिव निश्चल, आणि यिन-यांगमध्ये हलणारा, सुरुवात करणारा यांग आणि घेणारं, शांत ते यिन. जोडी सेम दिसते, कामं उलटी वाटलीयत.

मग यिन बदनाम कुठे झालं? सगळा दोष ॲनिमेवाल्यांचा नाही. हान राजवटीत, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकात, दोंग झोंगशू नावाचा कन्फ्यूशियन पंडित होता, त्याने राजा, बाप, नवरा यांग आणि प्रजा, मुलगा, बायको यिन अशी उतरंड लावली, म्हणजे शेजारी-शेजारी असलेले दोन उतार एकदम वर-खाली झाले. आणि मग खुद्द ताओवादी साधक! त्यांच्या अंतर्गत किमयेत, म्हणजे शरीरालाच भट्टी मानून अमर व्हायची साधना असते त्यात, हिशोब असा की नुसतं यिन उरलं तर भूत, नुसतं यांग उरलं तर अमर सिद्ध, आणि दोन्हीची भेसळ म्हणजे तुम्ही-आम्ही. ल्यू दोंगबिन या प्रसिद्ध सिद्धाची उपाधीच 'शुद्ध यांग'. चिनी लोकधर्मात मेलेल्यांचा लोक म्हणजे 'यिनचा प्रदेश'. आता सांगा, शेकडो वर्षं हे ऐकलेल्या समाजातला लेखक यिनला भुताटकी नाही देणार तर काय देणार?

तरी काहींनी डोकं लावलंय. नारुतो या जपानी ॲनिमेमध्ये यिन म्हणजे मनाची ऊर्जा, कल्पनेतून आकार तयार करणारी, आणि यांग म्हणजे शरीराची, त्या आकारात जीव ओतणारी. मन वगैरे भाग त्यांचा स्वतःचा, पण 'यिन आकार देतं' हे हुआंगदी नेइजिंग या जुन्या वैद्यक ग्रंथात जवळपास असंच आहे, यांग 'ची' (म्हणजे प्राणऊर्जा) बनतो, यिन आकार बनतं.

पण माझा फेव्हरेट नमुना जिन योंग या मार्शल आर्ट्सच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखकाचा, 1957 मध्ये हाँगकाँगच्या पेपरात सुरू झालेली त्याची काँडोर हिरोजवाली कादंबरी. तिच्यात 'नऊ यिन' नावाची एक गुप्त पोथी आहे, ताओवादी ग्रंथ छापून घेणाऱ्या एका अधिकाऱ्याने ते वाचता वाचता लिहिलेली, आणि तिची सुरुवातच ताओ ते चिंगच्या 77 व्या प्रकरणातल्या ओळीने होते, जास्त असेल तिथून काढून कमी असेल तिथे भरणं हा निसर्गाचा मार्ग. म्हणजे पोथी एकदम सात्त्विक. मेई चाओफंग आणि तिचा नवरा गुरूच्या घरातून ती चोरतात, पण हाताला लागतो फक्त दुसरा भाग, ज्यात नुसते डाव आहेत, पाया असलेला पहिला भाग नाही. मग 'शत्रूच्या डोक्यावर पाच बोटांनी वार' हे दोघं शब्दशः घेतात आणि जिवंत माणसांच्या कवट्या फोडून सराव करतात. लोकांना वाटतं बापरे, काय ही नऊ यिनची विद्या! आणि पोथीचा पहिला भाग तिकडे गुरूच्या बेटावर दुसऱ्याच माणसाजवळ असतो.