लेक्चर संपतं, दिवस संपत नाही

कॉलेजला जाणाऱ्या पोरांचा दिवस आठवा जरा. सकाळची खचाखच भरलेली एसटी, दोन तास झाले की कट्टा, टपरीवर एका कटिंगमध्ये दोघं, सरांची नक्कल, आणि पाच वाजले की सुट्टी. याला कोणी मानसिक आरोग्य वगैरे म्हणायचं नाही, पण त्यानेच डोकं हलकं राहायचं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि हे सगळं बंद पडलं. पुढे कॉलेजं उघडली तरी बऱ्याच जणांचा अभ्यास आजही मोबाईलवरच चाललाय. एमपीएससी करणारे, सीएवाले, नीटची परीक्षा रिपीट करणारे, नोकरी सांभाळून मुक्त विद्यापीठाची डिग्री करणारे. पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचं, वर मेस, अभ्यासिकेची फी, घरच्यांना दर महिन्याला झेपत नाही म्हणून गावातूनच ऑनलाईन बॅच लावायची, आणि ही सोय खरंच मोठी आहे, तिच्या विरोधात आम्ही अजिबात नाही.

पण अशाच घरून शिकणाऱ्या एका मुलीचा हा मोबाईल बघा. मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केलाय, इअरफोन एकाच कानात, कारण दुसरा कान आईच्या हाकेसाठी मोकळा ठेवावा लागतो. कुकरच्या शिट्ट्या होतायत म्हणून माईक कायम म्यूट. सर विचारतात, समजलं का सगळ्यांना, की चॅटमध्ये धडाधड यस सर, यस सर. हिला समजलेलं नाहीये, तरी हिनेही यस टाकलं. वर्गात असती तर शेजारणीला कोपर मारून विचारलं असतं, इथे शेजारीण कुठून आणायची? एकटेपणा इथूनच सुरू होतो, घरात माणसं असतात तरीही.

मग रेंज जाते, लाईव्ह सुटतं. काही बिघडत नाही, रेकॉर्डिंग आहे, रात्री बघू. असं करत करत रेकॉर्डिंगचा ढीग साठतो, मग ते डबल स्पीडवर बघायचं, रात्रीचा एक वाजतो, डोळे चुरचुरतात, आणि त्याच मोबाईलवर पाच मिनिटं म्हणून उघडलेलं रील पाऊण तास खातं. सकाळी उठल्या उठल्या टेलिग्राम ग्रुपवर कुणीतरी टाकलेलं असतं, माझी सेकंड रिव्हिजन झाली. अभ्यास केला तरी अपराधी वाटतं, नाही केला तरी अपराधी वाटतं, कारण आजचं झालं असं सांगणारी घंटाच नसते.

स्क्रीनसमोर बसूनच एवढं थकायला का होतं, यावर स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये लिहिलंय. व्हिडिओ कॉलवर चेहरे फार जवळ दिसतात, स्वतःचा चेहरा सतत समोर असतो, शरीर एका जागी अडकतं, आणि समोरच्याचे साधे हावभाव कळायलाही मेंदूला जास्त मेहनत पडते. म्हणजे नुसतं बसून काय थकता, हे घरच्यांचं बोलणं बरोबर नाही. कॅमेरा लावावाच लागत असेल तर निदान स्वतःचा चौकोन हाईड करा, फरक पडतो.

आणि घंटा आपली आपणच लावायची. रात्री नऊ म्हणजे नऊ, मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला, एकच खोली असेल तर हात पोचणार नाही अशा फळीवर. आठवडाभराच्या मागचं रेकॉर्डिंग पूर्ण बघायच्या फंदात पडू नका, मैत्रिणीच्या नोट्स घ्या, अडलेला भाग तेवढाच बघा आणि आजच्या लेक्चरला या. मैत्रिणीला व्हिडिओ कॉल लावून दोघींनी गप्प बसून आपापला अभ्यास करायचा, हे ऐकायला विचित्र वाटतं पण करून बघा. तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय असतं, बऱ्याच ठिकाणी अभ्यासिकाही असते, दिवसातले दोन तास तिथे बसलात तरी पाच माणसं दिसतात, कुणीतरी चहाला चल म्हणतं.

घरच्यांनाही सांगायचंय. पोरगं घरी आहे म्हणजे रिकामं आहे असं नसतं हो. लेक्चर चालू असताना दळण टाकून ये, सिलेंडर आलाय बघ, हे तासभर थांबू शकतं.

आता जरा गंभीर. दोन आठवडे झाले तरी मन उदासच आहे, झोप उडालीये किंवा उठवतच नाही, जेवण जात नाही, आवडीच्या गोष्टीतही लक्ष लागत नाही, तर तो आळस समजून स्वतःला शिव्या घालू नका, डॉक्टरांशी बोला. जगून काय उपयोग असे विचार येत असतील तर मात्र दोन आठवडे बिलकुल थांबायचं नाही, त्याच दिवशी घरात कुणाला तरी सांगा आणि १४४१६ लावा. ही सरकारची टेलि मानस हेल्पलाईन, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट लागतो, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. काय बोलायचं सुचत नसेल तर तेवढंच सांगा, मला बरं वाटत नाहीये, पुढचं ते विचारतात.

शेवटची विनंती ऑनलाईन शिकवणाऱ्या सर-मॅडमना. चॅटमधल्या यसवर विसंबू नका. रोज दोन-तीन जणांना नावाने हाक मारा, माईक चालू करायला सांगा, मागे कुकर वाजत असला तरी वाजू दे, आणि आधी विचारा, कसं चाललंय.