सॅक्सोफोन घ्यायचाय? आधी दुरुस्तीवाले काका शोधा

(कॅमेऱ्यासमोर बसून एक खालचा सूर वाजवायचा प्रयत्न. घरघर.)

ऐकलंत? हा माझ्या पहिल्या सॅक्सोफोनचा सगळ्यात खालचा सूर. म्हणजे यायला हवा होता सूर, आल्या त्या गुळण्या.

नमस्कार मंडळी. वयाच्या अडतिसाव्या वर्षी मला सॅक्सोफोन शिकायची हौस आली. ऑनलाइन शोधाशोध केली, पंचवीस हजारांत एक आल्टो, म्हणजे सॅक्सोफोनचा एक लहानसर प्रकार, मिळाला. सोन्यासारखा चकचकीत, आत मखमलीची पेटी, पांढरे हातमोजेसुद्धा फुकट. हातमोजे! सॅक्सोफोन वाजवायला हातमोजे कशाला लागतात, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. सहा महिने मी समजत होते की माझ्याच फुंकीत दम नाही. सर म्हणायचे, "पोटातून श्वास घ्या." मी पोटातून घेतला, पाठीतून घेतला, जिन्यावरून धावत येऊन घेतला. खालचा सा काही लागेना.

शेवटी सरांनीच दुरुस्ती करणाऱ्या एका काकांकडे पाठवलं. बँडवाल्यांच्या घरातले, लग्नाच्या मोसमात श्वास घ्यायला फुरसत नाही असे. त्यांनी माझं वाद्य उचललं, वाजवून बघितलंच नाही. वायरला लावलेला एक छोटा दिवा नळीत सोडला, खोलीतला दिवा बंद केला आणि चाव्या हलकेच दाबून म्हणाले, "ताई, दिवाळी बघा."

अंधारात पॅडच्या कडांमधून उजेडाच्या बारीक रेघा दिसत होत्या. एक इथे, एक तिथे. मी मोजल्या, नऊ.

आता हे पॅड म्हणजे काय, ते जवळून दाखवते. (चावी कॅमेऱ्यापाशी.) नळीला ही भोकं आहेत. प्रत्येक भोकावर चावीच्या तबकडीत बसवलेली चामड्याची गादी, आत नमदा. अशा वीस-पंचवीस गाद्या. बासरीवर भोक बुजवायला बोट असतं, इथे बोटाच्या जागी ही गादी. बोट कुठेही दाबलं जातं, गादी मात्र सपाटच बसावी लागते. एका कडेला कागदाएवढी फट राहिली तरी हवा तिथून पळते. गंमत म्हणजे फट वर असते आणि रडतो खालचा सूर, कारण खालच्या सुराला वरपासून खालपर्यंत सगळी भोकं बंद लागतात. म्हणून वाद्य तपासायचं तर सगळ्यात खालचा सूर, हळू, अगदी हळू वाजवा. जोर लावून फुंकलं तर गळकं वाद्यही बोलतं. हळू फुंकल्यावर बोललं, तर ते खरं.

मी काकांना विचारलं, "मग गाद्या बदलून द्या ना." ते म्हणाले, "बदलतो. पण ह्याचं पितळ मऊ आहे. आज चावी सरळ करतो, दिवाळीपर्यंत परत वाकेल. मग तुम्ही मला शिव्या द्याल, आणि त्या मला मिळायला नकोत." गिऱ्हाइकाला नको म्हणणारा कारागीर भेटला तर त्याचा नंबर जपून ठेवा. माझं म्हणणं एवढंच आहे: आधी हा माणूस शोधा, मग वाद्य. कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, हे तिसऱ्या नंबरला.

तुम्ही म्हणाल, कंपनीला काहीच महत्त्व नाही? आहे की. पण लोक ते भलतीकडेच शोधतात. सेल्मर मार्क सिक्सचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पॅरिसच्या सेल्मर कंपनीनं 1954 साली हे मॉडेल काढलं, त्यातले आल्टो आणि त्याहून मोठे, खालच्या सुराचे टेनर साधारण 1974पर्यंत बनत राहिले. जॅझवादक जॉन कोल्ट्रेन त्यावर वाजवायचा, सनी रॉलिन्सही. मग त्याच्या सीरियल नंबरांचीच पोथी झाली. पाच आकडी नंबर म्हणजे अस्सल, सहा आकडी म्हणजे जरा कमी. काकांकडे एकजण असा पाच आकडी टेनर घेऊन आला होता. नंबर खरा, पण नेक (तोंडाजवळची वाकडी नळी) दुसऱ्याच कुठल्यातरी वाद्याचा आणि नळी एकदा वाकून सरळ केलेली. काका म्हणाले, "नंबर वाजत नाही साहेब, नळी वाजते."

ह्याच्या उलटची गोष्ट जॅझवादक चार्ली पार्करची. 15 मे 1953, टोरांटोचं मॅसी हॉल, सोबत गिलेस्पी, बड पॉवेल, मिंगस, मॅक्स रोच असे जॅझमधले दिग्गज. आणि पार्करच्या हातात काय, तर प्लॅस्टिकचा आल्टो! पांढराशुभ्र. ग्राफ्टन नावाचा, लंडनला बनलेला, ॲक्रिलिकच्या नळीचा. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण आजही लोक कान टवकारून ऐकतात. पुढे ऑर्नेट कोलमन ह्या जॅझवादकानंही असाच पांढरा आल्टो वाजवला. तेव्हा "पितळेशिवाय आवाज येत नाही" असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

पण ग्राफ्टन विकत घ्यायला मात्र धावू नका. पडला की फुटायचा. चाव्यांची रचना नेहमीपेक्षा वेगळी, कारखाना बंद पडला, मग सुटे भाग मिळेनात. बघा, फिरून फिरून गाडी काकांपाशीच येते.

पितळेवरून आठवलं. हे वाद्य पितळेचं असूनही त्याला लाकडी सुषिर (फुंकून वाजवायच्या) वाद्यांच्या पंगतीत बसवतात, कारण आवाज ओठांच्या थरथरीतून येत नाही, ह्या वेताच्या पातळ चिपेतून, म्हणजे रीडमधून येतो. आडोल्फ सॅक्स ह्या बेल्जियन कारागिरानं 1846मध्ये पॅरिसला पेटंट घेतलं ते लष्करी बँडला डोळ्यांसमोर ठेवून. आपल्याकडेही हे वाद्य पलटणीच्या, पोलिसांच्या आणि मग लग्नाच्या बँडमधून रुळलं. मेरठच्या जली कोठीत बँडची वाद्यं आजही बनतात. आणि मुंबईच्या हॉटेलांत, स्टुडिओंत ते वाजवलं बरंचसं गोव्याकडच्या मंडळींनी, चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून आलेल्या.

बरं, आल्टो की टेनर? हा प्रश्न मला आठवड्यातून तीनदा येतो. वजनाचं उत्तर सोपं आहे, आल्टो अडीच किलोच्या आसपास, टेनर त्याहून किलोभर जास्त, आणि सगळा भार मानेवर. पण आपल्याकडे खरा प्रश्न पट्टीचा. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, पांढरी एक दाबली तर पांढरी एकच ऐकू येते. आल्टोवर मी "सी", म्हणजे नावानं पांढरी एकच, वाजवला तर ऐकू येते काळी दोन. टेनरवर तोच "सी" म्हणजे काळी पाच. कुणाला फसवायला हे केलेलं नाही. आल्टो सोडून टेनर हातात घेतला तरी बोटं तीच राहावीत, म्हणून ही सोय. पण भजनी मंडळात पहिल्यांदा गेलात की कळतं. गाणाऱ्या ताई म्हणतात, "माझी काळी चार." मला आल्टोवर सा धरावा लागतो पांढरी चारचा. त्यांच्या शेजारचे बुवा म्हणतात, "माझी काळी एक." झालं, मी काळी पाचवर. पहिले दोन महिने मी तळहातावर पेननं लिहून जायचे.

जुन्या बाजारात कधी कधी सी मेलडी नावाचा सॅक्सोफोन मिळतो. अमेरिकेत 1920च्या दशकात घरोघरी पियानोशेजारी बसून वाजवायला खूप खपला. त्याची पट्टी पेटीशी थेट जुळते, म्हणून आपल्या लोकांना मोह होतो. मलाही झाला होता. पण त्याला माउथपीस (रीड बसवून तोंडात धरायचा भाग) आणि सुटे भाग शोधताना दमछाक होते. दुसरा सापळा त्याहून वाईट. शंभर वर्षं जुन्या काही वाद्यांवर सीरियल नंबरजवळ "एच पी" असं कोरलेलं असतं, म्हणजे हाय पिच. तेव्हाच्या काही बँडांची पट्टी चढी असायची. अशा वाद्याचा सूर आजच्या पेटीच्या काळी आणि पांढरीच्या मधेच कुठेतरी पडतो, आणि माउथपीस कितीही मागेपुढे करा, सगळे सूर एकदम जुळत नाहीत. भिंतीवर टांगायला छान.

मग मी घेतलं काय? हे. (वाद्य समोर धरते.) जपानी बनावटीचा, विद्यार्थ्यांसाठीचा जुना आल्टो. गोव्याच्या एका निवृत्त वादकांकडून. नवीन घ्यायचा तर यामाहाचा 280 घेतात शिकणारे, पण तो लाखाच्या आसपास जातो. ह्याचं लॅकर, म्हणजे वरचा चकचकीत लेप, उडालंय, खालच्या वळणावर हा पोचा आहे, पेटीला सेलोटेप. वादक म्हणाले, "पोचा माझ्या मुलानं पाडला, 1992ला. गाद्या मी गेल्या वर्षी बदलल्यात." मी काकांना फोनवर पोच्याचा फोटो पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "पोचा राहू दे. खालचा सूर हळू वाजवा." वाजवला. पहिल्या फुंकीत लागला, तुपासारखा. मी पैसे मोजायला सुरुवात केली, घासाघीस करायचंही विसरले.

पैसे उरले तर माउथपीसवर घाला, वाद्याच्या रंगावर नको. आणि रीड? सुरुवातीला दोन किंवा अडीच नंबर. दहाच्या डबीतले चार छान निघतात, तीन बरे, उरलेल्यांवर मी भाजीची यादी लिहिते. साडेतीन नंबरचा कडक रीड वाजवतो म्हणून मिशीला पीळ देणारे भेटतील, दुर्लक्ष करा. मिंडा, आंदोलनं काढायची असतील, म्हणजे सूर घसरवायचे, झुलवायचे असतील तर ओठांना मोकळीक देणारा रीड हवा. कद्री गोपालनाथांनी ह्या वाद्यावर कर्नाटक संगीत वाजवून दाखवलं, तेही आल्टोवरच, आणि त्यासाठी वाद्यात स्वतःला हवे तसे बदल करून घेतले. 1994 साली लंडनच्या प्रॉम्स ह्या संगीतमहोत्सवात ते वाजवून आले. गमक काढता येत नाही असं आपण म्हणतो तेव्हा मला हे आठवतं आणि मी गप्प रियाजाला बसते.

रियाजाचं म्हणाल तर शेजारी. बेलमध्ये, म्हणजे वाद्याच्या पसरट तोंडात, मोजा कोंबला की आवाज कमी होतो, असं कुणीतरी सांगेल. होत नाही. आवाज नुसत्या बेलमधून येत नाही, उघड्या असलेल्या सगळ्या भोकांमधून येतो. सनी रॉलिन्स 1959 ते 1961 न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास वाजवायचा, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून. आपल्याकडे पुलावर वाजवायला उभं राहिलं तर लोक चिल्लर टाकतील. मी कपाटात तोंड घालून वाजवते. साड्या आवाज चांगला पितात.

शेवटचं, पावसाळा. गाद्या दमट होतात, चिकटतात. सगळ्यात जास्त छळते ती "जी शार्प"ची चावी, कारण तिला उघडणारी स्प्रिंग नाजूक असते. बोट दाबलं तरी गादी भोकाला चिकटून बसते. ऐकू येणारी काळी दोन सा धरली तर हा कोमल धैवत. मागच्या जुलैत भैरव वाजवायला बसले आणि कोमल धैवत बेपत्ता!

काकांना फोन केला. म्हणाले, "सिगारेटचा कागद आणा. गोंदाची कड कापून टाका, गादीखाली ठेवा, चावी हलकेच दाबा, सोडा, कागद बदला. ओढू नका, चामडं सोलतं. आणि वाजवून झालं की आतून पुसत जा, नेक आधी."

कागद आणायला कोपऱ्यावरच्या टपरीवर गेले. "रोलिंग पेपर आहे?" टपरीवाला लहानपणापासून ओळखतो मला, माझ्या वडिलांना पान बांधून द्यायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, आजूबाजूला पाहिलं. मी घाईनं म्हटलं, "सॅक्सोफोनसाठी हवाय."

त्यानं पाकीट कागदात गुंडाळून हातात ठेवलं आणि हळूच म्हणाला, "हो ताई. सगळे काही ना काही सांगतात."